रुंद पट्टी

पाहुणीने अकरावी काडी पुढे केली. तुरा नाही, मूळ नाही. वीतभर दांडा आणि त्याला बिलगलेलं एकच पान. धाकटीने ती घेतली, नखाने पान जरासं मागे वळवलं, आत पाहिलं आणि काडी डावीकडच्या ढिगात टाकली.

"लांब."

बारावीलाही तेच. तेरावी तिने नीट पाहिलीसुद्धा नाही, नुसती बोटांत फिरवली.

"आखूड."

दोघी वाळूच्या टेकडीच्या आडोशाला बसल्या होत्या. वारा वरून वाळू भिरकावत होता आणि ती केसांत, वहीच्या घडीत, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाखाली जाऊन बसत होती. पाहुणी दर काडीला वहीत एक खूण करत होती. ती मोठ्या शहरातल्या संस्थेतून आली होती, तिशीची, उन्हाने नाक सोललेली. काल संध्याकाळी आल्यापासून ती धाकटीला ताई म्हणत होती आणि प्रत्येक वेळी धाकटी क्षणभर मागे वळून बघत होती, दुसरं कुणी उभं आहे की काय म्हणून.

या टेकड्या दोन गवतांनी धरून ठेवलेल्या. दोन्ही सख्खी भावंडंच. तीच राखी-हिरवी पाती, तीच बोट कापणारी कड, वाऱ्यात लवायची तीच तऱ्हा. फरक होता तो पान जिथे दांड्याला मिठी मारतं तिथे, आतल्या अंगाला. तिथे एक पातळ पापुद्रा असतो, जिभेसारखा. एका गवताची ही जीभ बोटाच्या पेराएवढी लांब आणि टोकाला चिरलेली. दुसऱ्याची तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा नाही. तुरा आला की काम सोपं, कारण लांब जिभेच्या गवताचा तुरा जाडजूड असतो, आखूडचा सडपातळ. पण तुरा वर्षातून दोन महिने. बाकीचे दहा महिने ती जीभच बघावी लागते. शास्त्रातली त्यांची नावं भलीमोठी होती. घरात मात्र सगळे लांब आणि आखूड एवढंच म्हणत.

सतराव्या काडीला धाकटी थांबली. उन्हात धरली. मग पाहुणीच्या मांडीवर ठेवून दिली.

"ही खराट्याची आहे. तुमच्या खोलीच्या दारामागे असतो तो."

पाहुणी इतकी हसली की तिची पेन्सिल वाळूत पडली. "सर म्हणाले होते, तिला फसवून दाखवा. मी म्हटलं, बघू या."

"दादाने स्वतः मोडून दिली असेल."

"दिली ना!"

वीसच्या वीस झाल्या तेव्हा पाहुणीने वही मिटली आणि गुडघ्यावर हनुवटी ठेवून ती काही वेळ समोर बघत राहिली.

"ताई, सरांचा संग्रह आमच्याकडे येतोय हे तुम्हाला माहीत आहे. वाळवलेली गवतं चिकटवलेले साडेचार हजार कागद. त्यातले निम्मे असे, तुरा नसलेले, नुसत्या काड्या. ते नीट लावायला चार-पाच वर्षं कुणीतरी बसायला हवं. संस्थेने मला माणूस सुचवायला सांगितलंय." ती थांबली. "मी तुमचं नाव देणार आहे. तुमची हरकत नसेल तर."

धाकटीने पदरावरची वाळू झटकली. वाळू पुन्हा तिथेच बसली.

"मी शिकलेली नाही."

"शिकलेले आमच्याकडे पुष्कळ आहेत. आवारातच राहायला खोली मिळते. लहान आहे, पण खिडकी मोठी आहे."

"खोलीला आतून कडी आहे?"

"असेलच की. का हो?"

"सहज विचारलं."

धाकटी बावन्न वर्षांची होती. तिचं लग्न राहून गेलं होतं. आधी वडील आजारी म्हणून, मग आई आजारी म्हणून, मग आता कशाला म्हणून. गेली तीस वर्षं ती दादाच्या घरात, मागच्या खोलीत, संग्रहाच्या कपाटांमध्ये पलंग टाकून झोपत होती. त्या खोलीच्या दाराला कडी नव्हती, कारण दादाला केव्हाही एखादा कागद बघायची लहर येई.

"आणि सरांचं ते तिसरं?" उठता उठता पाहुणीने विचारलं. "आखूड जीभ आणि जाड तुरा. दोन वर्षं शोधतेय मी या पट्ट्यात. एक झुडूप मिळालं नाही. तुम्ही पाहिलंत का कधी, उभं?"

"उभं नाही पाहिलं," धाकटी म्हणाली आणि चपलांतली वाळू काढायला खाली वाकली. तिला वाळू काढायला बराच वेळ लागला.

*

तिसऱ्या गवताला घरात आईचं गवत म्हणत. दादाने ते शोधलं, त्याचं वर्णन छापलं आणि त्याला आईचं नाव दिलं, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. त्या एका गवतावर दादाची सारी प्रतिष्ठा उभी होती. कॉलेजातून निवृत्त झाला तेव्हाच्या सत्कारात सगळी भाषणं त्या गवतावर झाली. आपल्या आईचं नाव मातीत रुजवणारा मुलगा, असं कुणीतरी म्हणालं, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. धाकटी मागे पाण्याचे पेले भरत होती.

दुपारी जेवायला बसल्यावर पाहुणीने विषय काढला. धाकटी वाढत होती. तिने हात थांबवला नाही, पण भाताचा डाव दोनदा एकाच ताटात गेला.

"डिंकीला?" दादा म्हणाला. धाकटीला तो डिंकी म्हणायचा, ती नमुने कागदावर चिकटवायला लागली त्या दिवसापासून. "डिंकीला नेणार तुमची संस्था? मग माझी औषधं कोण देणार, तुमचे संचालक?"

"सर, मी गंभीरपणे विचारतेय."

"मीही गंभीरपणेच विचारतोय. सकाळची दोन, दुपारची एक, झोपताना अर्धी. अर्धी करताना गोळीचा चुरा होतो, हिलाच ती नीट मोडता येते." तो स्वतःच हसला. सहासष्टाव्या वर्षीही दादाचं हसणं कॉलेजातल्या तासासारखं होतं, शेवटच्या बाकापर्यंत जाणारं. "अहो, तिला लॅटिनचं एक अक्षर येत नाही."

"लॅटिन येणारे सात जण आहेत आमच्याकडे. गवत ओळखणारं कुणी नाही."

दादाने घास गिळला. मग धाकटीकडे पाहिलं, जणू ती एवढा वेळ स्वयंपाकघरात होती आणि आत्ताच आली.

"काय गं? जायचंय तुला?"

तीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. त्यामुळे त्याचं उत्तर कुठल्या आवाजात द्यायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

"दादा म्हणेल तसं," ती म्हणाली. आणि मग, वाटी खाली ठेवत, "पण जायला आवडेल."

दादाने उचललेला घास परत ताटात ठेवला.

"बघ बुवा," दादा म्हणाला. "आखूड जिभेची समजत होतो मी हिला."

*

दोन वाजता पाहुणीने मूळ नमुना मागितला. ज्या एका नमुन्यावरून नव्या जातीचं वर्णन लिहितात तो मूळ नमुना. तो लाल कडेच्या वेष्टनात, वेगळ्या खणात असतो. दादाने स्वतः खण उघडला, स्वतः कागद टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. धाकटी खिडकीशी, नमुने वाळवायच्या दाबातले ओले वर्तमानपत्राचे कागद बदलत उभी होती.

पाहुणीने बुडापासून सुरुवात केली. भिंगातून मुळं पाहिली, पान मागे न वळवता चिमट्याने किंचित उचलून जीभ मोजली. आखूड. वहीत लिहिलं. मग भिंग दांड्यावरून हळूहळू वर सरकलं, मधल्या पट्टीवरून तुऱ्यापर्यंत गेलं, आणि पुन्हा खाली पट्टीवर येऊन थांबलं.

नमुना कागदावर धरून ठेवायला डिंक लावलेल्या कागदी पट्ट्या आडव्या लावतात. धाकटीच्या पट्ट्या काडीएवढ्या बारीक असत, नमुन्याचा कमीत कमी भाग झाकणाऱ्या.

"ताई, सकाळपासून तुमचे शंभरएक कागद पाहिले," पाहुणी भिंगातून मान न काढता म्हणाली. "पट्ट्या कशा दोऱ्यासारख्या. ही एकच बोटभर रुंद आहे."

धाकटीने एक कागद काढला, दुसरा घातला.

"जाड दांडा आहे," दादा म्हणाला. "बारीक पट्टीने धरला नसता."

"याच्या दुप्पट जाड बारीक पट्टीने धरलेत, सर. ही उचलून बघू का?"

"मूळ नमुन्याला पाणी लावायचं? आमच्या काळी असं म्हणणाऱ्याला दार दाखवत."

"आमच्याही काळी दाखवतात. म्हणून मी नाही लावत. ताई लावतील. त्यांच्याच हातची आहे."

दादाची नाही म्हणण्याची वेळ होती ती निघून गेली, आणि तिघांनाही ती जाताना दिसली.

धाकटी हात पुसून टेबलाशी आली. पेल्यात ब्रश बुडवला, कडेला निथळवला आणि पट्टीवर पाण्याचा एक हात फिरवला. एकोणीस वर्षांचा डिंक. सुटायला वेळ लागणार होता. ती ब्रश धरून उभी राहिली.

तेव्हाही ती अशीच उभी होती, याच टेबलाशी. दोन वर्तमानपत्रांच्या दोन घड्या, घड्यांवर लिहिलेले दोन आकडे, आत दोन झुडपं. एक आखूड, एक लांब. प्रवासात दोन्ही दांडे मोडले होते. दादाने आखूडचं बूड उचललं, लांबचा तुरा उचलला आणि एका कागदावर एकाखाली एक ठेवून लांबून पाहिलं, जसं भिंतीवर चित्र लावताना बघतात.

"दादा, ही दोन वेगळी आहेत."

"मी पाहिलं ना उगवलेलं. एकच होतं. तू घड्या घालताना गोंधळ केलास."

"आकडे तूच घातलेस."

बाजूच्या खोलीत आई खोकत होती. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते. दादा बराच वेळ त्या खोकल्याकडे कान देऊन उभा राहिला. मग कागदाकडे न बघता म्हणाला, "रुंद पट्टी लाव."

तिने लावली. आई जाण्याच्या आदल्या आठवड्यात ते छापून आलं. आईने उशीला टेकून छापील पानावरून बोट फिरवलं, आपलं नाव कुठे आहे ते दादाकडून दाखवून घेतलं. मग विचारलं, "यात धाकटीचं कुठे आहे?" दादा म्हणाला, "असतं ते आत."

डिंक सुटला. धाकटीने चिमट्याने पट्टीचं टोक धरलं आणि ती सरळ वर उचलली. फाटू दिली नाही. फाडणं अगदी सोपं होतं, पण हाताला तसं वळण नव्हतं.

पट्टीखाली दोन टोकं होती, समोरासमोर, एकमेकांना टेकवलेली. वरचं पोकळ. खालचं भरीव.

पाहुणीने भिंग धरलं, बाजूला केलं, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. तिचं सोललेलं नाक लाल झालं होतं. तिला आनंद झाला नव्हता, हे धाकटीच्या लक्षात आलं.

"सर, हे एका झुडपाचं नाही."

दादाने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

"तुमच्याच पुस्तकांवर मी शिकले," पाहुणी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "पण मला लिहावं लागेल. चिकटवताना दोन नमुने चुकून एकत्र झाले असतील, तर ती एक ओळ आहे. सगळ्या संग्रहांत होतं असं. ही एक जात रद्द होईल आणि विषय संपेल. पण तसं नसेल, जोडणाऱ्याला माहीत असेल, तर मग एका जातीवर थांबता येत नाही. सगळे कागद संशयात येतात. साडेचार हजार. संस्था कदाचित घेणारही नाही." ती एकदा दादाकडे आणि एकदा धाकटीकडे बघून म्हणाली, "मला फक्त काय झालं ते सांगा."

दादा चष्मा पुसत होता. डावी काच झाली, उजवी झाली, पुन्हा डावी.

धाकटीने ब्रश पेल्यात ठेवला.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली.

वाक्य संपल्यावर तिने थोडी जागा सोडली, कपात दुधासाठी सोडतात तेवढी. एका माणसाला एक वाक्य बोलायला पुरली असती. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावली, कुलूप घातलं, निघून गेलं. दादाने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ताई," पाहुणी म्हणाली, "सकाळी वीसपैकी वीस ओळखलेत तुम्ही. खराटासुद्धा."

"तेव्हा ओळखता येत नव्हतं. नवीन होते."

"अकरा वर्षं झाली होती तुम्हाला हे काम करून."

"डोकं हळू चालतं माझं."

पाहुणी आणखी काही विचारणार, तोच दादा उठला. धाकटीच्या मागे येऊन त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात उबदार होता. थरथरत नव्हता.

"जाऊ दे," तो पाहुणीला म्हणाला. "तिने मुद्दाम नाही केलं. घरात आई अंथरुणावर, रात्रंदिवस हीच बघत होती. अशात होते गफलत. नाव माझं गेलं तर जाऊ दे, पण तिला कुणी बोलायचं नाही." मग धाकटीच्या डोक्यावर दोनदा हलकेच थोपटून म्हणाला, "मी माफ केलं तुला, डिंके. आईनेही केलं असतं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंखुरं.

*

संग्रहाचा एक नियम असतो. चूक सापडली तरी कागदावरची जुनी नावाची चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही. शेजारी नवी लावायची, तारखेसह, लावणाऱ्याच्या नावासह. म्हणून जुन्या कागदांवर एकाखाली एक चार-चार चिठ्ठ्या असतात, प्रत्येक आधीचीला खोटं पाडणारी, आणि सगळ्या एकत्र नांदतात.

पाहुणीने चिठ्ठी लिहिली. मिश्र नमुना. बूड एका जातीचं, तुरा दुसऱ्या जातीचा. चिकटवताना झालेली चूक. खाली स्वतःचं नाव, तारीख. शाई वाळेपर्यंत ती थांबली आणि मग चिठ्ठी कुणाच्या हातात द्यावी हे तिला कळेना.

"द्या तिच्याकडे," दादा म्हणाला. "सरळ लाव हं."

धाकटीने चिठ्ठीच्या मागे डिंकाचा पातळ हात दिला, आईच्या नावाच्या चिठ्ठीखाली बोटभर जागा सोडून ती ठेवली, वर टीपकागद धरून मधून कडेकडे दाबत नेली. एकही सुरकुती पडली नाही. चिठ्ठी अशी बसली जणू पहिल्यापासून तिथेच होती.

चारच्या बसला ती पाहुणीला सोडायला गेली. थांब्यावर पाहुणीने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुमचं नाव आता मला देता येणार नाही, ताई."

"नाहीच येणार."

"विचारतील मला. जिने मूळ नमुन्यात दोन झाडांचं एक केलं तिच्या हातात बाकीचे कसे द्यायचे, म्हणतील."

"बरोबरच आहे त्यांचं."

"त्यांचं बरोबर आहे," पाहुणी म्हणाली आणि एकदम चिडली. "तुम्हाला राग कसा येत नाही हो?"

धाकटीने याचा विचार केला. बस वळणावर दिसत होती.

"कोंदट आहे का हो ती खोली? का हवा येते?"

पाहुणी बसमध्ये चढताना पायरीवर थांबून म्हणाली, "सोमवारपर्यंत माझा अहवाल जात नाही. काही आठवलं तर कळवा."

*

परत येताना धाकटी सावकाश चालत होती. पायाखाली रस्त्यावर उडून आलेली वाळू करकरत होती. तिने मनाशी एक गोष्ट घट्ट धरली होती आणि ती धरून ती घरापर्यंत येणार होती. दादा विसरला आहे.

विसरलाच असणार. हल्ली चष्मा कपाळावर असताना तो चष्मा शोधायचा. मागच्या महिन्यात आईची तिथी विसरला, संध्याकाळी धाकटीने सांगितल्यावर लहान मुलासारखा ओशाळला. एकोणीस वर्षं. लोकांनी इतकी भाषणं केली, त्याने स्वतः इतक्यांदा ती गोष्ट सांगितली की खालचं खरं कधीच पुसलं गेलं असेल. त्याला आता खरंच वाटत असेल की ते एकच झुडूप होतं आणि आपल्या बहिणीने घोळ घातला. डोळ्यांत पाणी आलं ते म्हणूनच. विसरलेल्या माणसावर कसं रागवायचं? देव म्हातारपणी विसर देतो तो काही उगाच नाही. फाटकाशी येईपर्यंत तिचं मन बऱ्यापैकी शांत झालं होतं. खोली गेली ती गेली. निदान त्याने तिला जाणूनबुजून काही केलं नव्हतं, आणि एवढ्यावर माणसाला राहता येतं. ती राहिली होतीच.

दादा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाट बघत होता. एरवी तो तिथे यायचा नाही.

"गेली?"

"गेली."

"पोरगी हुशार आहे. जरा उथळ, पण हुशार."

धाकटीने चहाचं आधण ठेवलं. दादाने डब्याचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. नवी जात गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर कुठे दिसेना. उलट बरेच दिवस डोक्यावर धरलेलं ओझं उतरवल्यासारखा तो सैल बसला होता.

"एक बरं झालं," तो म्हणाला. "संग्रह घेतील आता. नाव टिकेल. आणि तूही कुठे जात नाहीस. या वयात परक्या गावात, परक्या खोलीत... झेपलं नसतं तुला."

"हं."

चहा उकळला. तिने पातेलं उतरवलं आणि गाळणं कपावर धरलं.

"डिंके." त्याने आवाज खाली आणला, घरात दुसरं कुणी नसतानाही. "ते बाकीचं तू टाकून दिलं होतंस ना तेव्हा?"

"कुठलं बाकीचं?"

"अगं, लांबचं बूड. आणि आखूडचा तुरा. जोडल्यावर उरले ते. तू दोन्ही त्यांच्या त्यांच्या घडीत परत घातलेस आणि खिडकीतल्या हिरव्या बशीखाली दाबून ठेवलेस. घड्यांवर माझे आकडे होते. माझ्या अक्षरात." तो थांबला. "टाकलंस ना?"

चहाची धार कपात पडत राहिली. कप भरला तेव्हा धाकटीने पातेलं सरळ केलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

हिरवी बशी फुटून बारा वर्षं झाली होती. तिला स्वतःला ती आत्तापर्यंत आठवलीही नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"टाकलं नाही. तुरा काय, बूड काय, नमुना आहे. नमुना कसा टाकायचा?"

दादा स्टुलावर ताठ झाला. मग समजुतीचं हसला. "बरं, ठेवलंस तर ठेवलंस. कुठे आहे? दे इकडे."

धाकटीने त्याचा कप बशीत ठेवून त्याच्यासमोर सरकवला. दुसरा कप घेतला आणि उरलेला चहा त्यात ओतला, अगदी काठोकाठ. खिडकीशी जाऊन ती बाहेर बघत उभी राहिली.

"कुठे आहे गं?"

"आहे," ती म्हणाली.

पुढे ती काही म्हणेल म्हणून दादा वाट बघत राहिला. चहा चांगला कडक झाला होता. ती फुंकर घालून, सावकाश पीत होती.